मैलूरच्या फळ्यावर ब्लूज

मला वाटलं होतं, पहिलं गाणं वाजलं की बिदरमधल्या मैलूरची आमची अख्खी गल्ली खिडक्या उघडेल. उघडली एकच, आणि तीही "आवाज कमी कर गं!" म्हणायला.

बाहेर शिकून बिदरला परतले तेव्हा माझ्या बॅगेत कपडे कमी आणि ब्लूजच्या सीडी जास्त होत्या. ब्लूज म्हणजे अमेरिकेत कापसाच्या शेतांत राबलेल्या काळ्या माणसांचं गाणं. घर सुटलेल्यांचं, गाडीत बसून निघून गेलेल्यांचं आणि त्यांच्या मागे राहिलेल्यांचं. आमच्या भागातली निम्मी पोरं तोवर पुण्याला, हैदराबादला, दुबईला पांगलेली. शिवाय आमची वस्ती बौद्धांची. भीमजयंतीच्या जलशांत दुःखाचंच गाणं करून तिनं तीन पिढ्या ताठ उभ्या केल्या. ती हे गाणं लगेच ओळखेल, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती.

म्हणून मी इंटरनेट रेडिओ सुरू केला. शंकरप्पांच्या खानावळीच्या वरची खोली, रोज संध्याकाळी दोन तास, फक्त ब्लूज, ऐकायला फुकट. आता चार मित्र जमले की म्हणतात, "गाणं राहू दे, किस्सा सांग!" आणि किस्से तर ढिगानं साठलेत. त्याचं कारण एकच. आमच्याकडे कुठलीही नवी गोष्ट आली की लोक तिला हाताळून हाताळून आपल्यासारखी करून टाकतात.

आधी एक नियम सांगते, कारण सगळे किस्से त्यालाच येऊन अडकतात. आमची गाणी नॉर्वेतल्या आर्ने नावाच्या निवृत्त गृहस्थांच्या सर्व्हरवर जात आणि तिथून जगभर. जागा त्यांनी फुकट दिली होती, पण अट कडक होती. अर्धं मिनिट आवाज आला नाही की स्टेशन आपोआप बंद. असं तीनदा झालं की जागा रांगेतल्या पुढच्या स्टेशनला. रांग लांब होती. आणि ती जागा गेली की आमचं स्टेशन म्हणजे खोलीत बसून आपलं आपण ऐकायचं गाणं!

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक दिवा असे. आवाज चालू तोवर हिरवा, थांबला की पिवळा, मग लाल. त्या वर्षात मी माणसांच्या तोंडाकडे कमी आणि त्या दिव्याकडे जास्त पाहिलं.

*

जिन्याखाली एक फळा होता. वरच्या अर्ध्यात शंकरप्पा खानावळीची भाजी लिहीत, खालच्या अर्ध्यात मी रोजचा कार्यक्रम. दोघांचा खडू एकच.

एकदा एक गृहस्थ धापा टाकत जिना चढून वर आले. हुलसूरहून कोर्टाच्या कामाला आले असावेत. मी मनात म्हटलं, आला, पहिला श्रोता आला! उठून खुर्ची दिली.

"फळ्यावर लिवलंय ते हितंच मिळतंय का?"

"हो, इथंच! बसा ना."

ते बसले. रुमालानं मान पुसली. मग जरा काळजीनं म्हणाले, "ते डेल्टा ब्लूज लई तिखट तर न्हाई ना? मला पित्त हाय."

*

मशीन सांभाळायला मारुती अण्णा होते. मूळचे जनवाड्याचे. त्यांच्या आजोबांकडे मेंढरं होती, यांच्याकडे मंडप आणि लाउडस्पीकर. लग्नसराई नसली की माझ्याकडे येत. पगार नव्हताच. "मशीन बगायला येतो," म्हणत.

इंग्रजी निवेदन नसरीनचं. ती इंग्लिश मीडियम शाळेत शिकवायची आणि माइकसमोरही शाळेतच असायची. गाण्याची माहिती सांगून झाली की विचारायची, "अंडरस्टूड?" आणि थांबायची.

थांबायची म्हणजे खरंच थांबायची! दिवा पिवळा व्हायचा. मी समोरून हात हलवायची, अण्णा खोकायचे, तेव्हा कुठं गाणं लागायचं.

"नसरीन, अगं उत्तर कोण देणार आहे तुला?"

"जवाब देव या नक्को देव. सवाल किया तो टाइम देनाच पडता. पोरं घाबरतात नाहीतर."

मी पुन्हा ओरडणार होते. पण त्याच आठवड्यात ब्राझीलहून एक मेल आला. आत दोनच शब्द होते. "येस, मॅडम!"

*

पहिला लाल दिवा मात्र शंकरप्पांमुळे लागला.

वीज गेली. हरकत नव्हती, इन्व्हर्टर होता. पण गाणं ऐन रंगात असताना पडदा एकदम काळा. मी अंधारात वायरी चाचपतेय, नसरीन मोबाइलचा उजेड धरतेय, अण्णा फ्यूज बघतायत, सगळं जागच्या जागी. आणि खालून आवाज येतोय, घर्र, घर्र, घर्र.

धावत खाली गेले. खाली ठेवलेल्या इन्व्हर्टरवरची आमची वायर काढून शंकरप्पांनी तिथं मिक्सर लावला होता. शेंगदाण्याची चटणी चालली होती!

"शंकरप्पा! स्टेशन बंद पडलं ना! सगळ्या जगात बंद पडलं!"

त्यांनी झाकणावरचा हात काढला नाही. "गाणं उद्या बी वाजतंय, पोरी. गिऱ्हाईक आज बसलंय."

मी वर आले तेव्हा आर्नेंचा मेल येऊन पडला होता. "एक."

*

दुसऱ्या वेळी मी खोलीतच होते, कपाटात सीडी शोधत. हार्मोनिका वाजत होती आणि मधेच थांबली. मला वाटलं, सीडीला ओरखडा असेल. वळून बघते तर दिवा पिवळा. मारुती अण्णांनी आवाजाची कळ पार खाली ओढली होती, डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला होता आणि खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"अण्णा! काय करायलाव?"

"शू! खाली प्रेत चाललंय."

रस्त्यावरून तिरडी जात होती. हलगी हळू वाजत होती. लाउडस्पीकरवाल्यांची ही रीतच आहे. मंडपात गाणं कितीही रंगात असो, प्रेत दिसलं की बंद. अजान झाली की बंद. अण्णांचा हात आपसूक जातो.

"अहो, पण आता आवाज बारीक असतो, आपलं गाणं खाली ऐकू जात नाही! ऐकणारे नॉर्वेत आहेत, ब्राझीलमध्ये आहेत!"

"असू द्या की," अण्णा म्हणाले, "प्रेत तर हितलं हाय."

मी कळीवर झडप घातली, पण तोवर दिवा लाल. मला भयंकर राग आला. जगाच्या त्या टोकाच्या माणसाला हे काय समजावून सांगणार? तरी मी लिहिलं, जसं घडलं तसं, रीतीसकट. आर्नेंचं उत्तर आलं, "दोन." त्याखाली एक ओळ सोडून लिहिलं होतं, "कोण गेलं?"

मी अण्णांना विचारलं. अण्णांनाही ठाऊक नव्हतं.

*

त्यानंतर आम्ही एक राखीव गाणं कायम तयार ठेवलं. काहीही झालं तरी अण्णांनी एक बटण दाबायचं, गाणं सुरू. तिसरा लाल दिवा लागू द्यायचा नाही. नसरीनचं "अंडरस्टूड" मी बंद केलं. खिडकी बंद केली. शंकरप्पांच्या मिक्सरपासून लांब राहायला वेगळी वायर ओढली. अण्णा म्हणाले, "ताई, ह्यो रेडिओ हाय का आयसीयू?"

*

आणि मग जनाक्का वर आल्या.

जनाक्का खानावळीत भाकरी थापायच्या. घरी धाकटी मुलगी अक्की; थोरला मुलगा बाळू एजंटामार्फत दुबईला गेलेला, बांधकामावर. आधी फोन यायचा. नंतर नंबर बदलला म्हणून एकदा आला. मग यायचाच थांबला. एजंटाचं दुकान बंद. बरोबर गेलेल्या पोरांपैकी कुणी म्हणे दुसऱ्या साइटवर, कुणाला काही ठाऊक नाही.

दारातच उभ्या राहिल्या, हाताला पीठ तसंच.

"पोरी, तुमचं हे सगळ्या जगात ऐकू जातंय म्हन्तेत. खरं हाय का?"

"हो, जनाक्का."

"मग दुबई जगात न्हाई का?"

मी समजावलं. म्हटलं, हा फोन नाही. बाळूकडे कॉम्प्युटर नसेल, हे स्टेशन आहे हेच त्याला माहीत नसेल. इथं फक्त ब्लूज वाजवायचं ठरलंय, तशी आर्नेंना कबुली दिलीय. जागा जाईल आमची.

"तुमी रोज लावता ते कोन ऐकायलंय, तुला तरी ठाऊक हाय का?"

मला ठाऊक नव्हतं.

"ह्यात काय म्हन्तेत ही मान्सं?" त्यांनी स्पीकरकडे बोट केलं.

एक म्हातारा गात होता. मी म्हटलं, त्याची बाई गाडीत बसून निघून गेलीय. तो फाटकाशी उभा राहून तिला हाका मारतोय.

"ऐकू जायलंय का तिला?"

"नाही. गाडी गेली ना."

"मग कामून मारायलाय हाका?"

अण्णा खाली बघत होते. नसरीननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. जनाक्का पदराला हात पुसत खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम सुरू होण्याआधी मीच त्यांना बोलवायला गेले. बजावून सांगितलं, "जनाक्का, थोडं बोला, सलग बोला. मधे थांबू नका. तिकडून उत्तर येणार नाही."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या.

सात वाजता गाणं संपलं. जनाक्का माइकसमोर बसल्या, पाठ सरळ. अण्णांचं बोट राखीव गाण्याच्या बटणावर होतं. मी मान डोलावली.

"बाळू, मी बोलायले. अक्कीचं लगीन ठरलंय, जनवाड्याचं पोरगं हाय. म्हशीला वगार झालीय, तुझ्यावानी कपाळावर भोवरा हाय तिला. तुझी सायकल कुनालाच देली न्हाई. पाऊस हाय बरा. तू जेवलास का?"

आणि त्या थांबल्या.

हिरवा दिवा पिवळा झाला. मी हातानं खुणावलं, बोला, बोला! जनाक्कांनी माझ्याकडे बघितलं, आणि हळूच, मुलाला सांगावं तसं मला सांगितलं, "इचारल्यावर थांबावं लागतंय गं."

पुन्हा गप्प झाल्या; क्षणभर हिरवा झालेला दिवा परत पिवळा. मान किंचित कलती, कान माइककडे.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. बोट बटणावर तसंच. एक मान डोलावली की झालं असतं. नसरीन पडद्याकडे बघत होती. खाली कुणीतरी भाकरी मागत होतं, शंकरप्पा त्याला "थांब जरा" म्हणत होते. पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

अण्णांनी बटणावरचं बोट उचललं. डोक्याचा रुमाल काढला.

मी मान डोलावली नाही.

दिवा लाल झाला. जनाक्का तशाच बसल्या होत्या. मग बऱ्याच वेळानं त्यांनी मान हलवली, जसं कुणी काही सांगितलं आणि ते पटलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"चला. तवा तापायलाय."

सकाळी खोली उघडली तेव्हा आर्नेंचा मेल आलेला होता. तो न उघडता मी खडू घेऊन खाली गेले. फळ्याच्या वरच्या अर्ध्यात शंकरप्पांनी लिहून ठेवलं होतं, डाळ, वांगं, ज्वारीची भाकर. खालच्या अर्ध्यातलं आदल्या दिवसाचं सगळं मी पुसलं आणि लिहिलं:

'सात वाजता, रोज: जनाक्का बोलतील. मग थांबायचं.'