काकांच्या लिंबाखालचा काटा

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी अकोल्याहून तिवसाजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा वावरातला कापूस फुटून लोंबत होता आणि आभाळ भरून आलं होतं. पाणी पडलं तर सगळा काळा पडणार होता. बांधापलीकडे शेजारच्या काकांच्या वावरात मात्र वेचणाऱ्या बायका, त्यांच्या गप्पा, हसणं. मला ते बघवेना. याच कापसावर बाबांनी मला शिकवलं. घरातली पहिली पदवीधर मी. माझे बाबा काकांपेक्षा कुठे कमी होते?

बायकांमधल्या वयस्कर मावशीला मी बांधावरूनच विचारलं, "मावशी, उद्या आमच्याकडे या ना."

"उद्या बी इथंच येनं हाये आमाले."

"काहून? आमचा कापूस टोचते का?"

"टोचत नाई वं माय. पन उन्हात वेचलेला कापूस बी तुह्या बाबाले ओलाच दिसते!"

बाकीच्या बायका खुदखुदल्या. माझे कान तापले. मजुरी वेचलेल्या वजनावर, आणि ओलाव्याच्या नावानं प्रत्येक गाठोड्यामागे थोडं वजन कापायची, म्हणजे कटतीची, आमच्याकडे रीत होती. गावात बहुतेक जण कापत.

संध्याकाळी काकांच्या लिंबाखाली मी मुद्दाम रेंगाळले. फांदीला वजनकाटा टांगून काका बैलांकडे निघून गेले. जिचं गाठोडं तिनं आकडा सांगायचा, तो खरा. कुणी पाहत नसताना एका बाईनं आपल्या गाठोड्यातली वजन वाढवणारी हिरवी बोंडं वेचून बाजूला टाकली. एका माणसाच्या वागण्यानं एवढी माणसं सरळ वागत होती. हा मान बाबांना का नाही, या विचारानं मी जळत घरी आले.

"बाबा, कटती बंद करा. काटा बायकांच्या हाती द्या."

"तो आला मोठा साधू! त्याचं मले शिकवून रायली?" बाबा चिडले. जेवून हात धुतले. मग म्हणाले, "सांग त्या बायाइले. नाई कापत."

बायका आल्या, पण काकांची वेचणी उरकल्यावर. तोवर पाऊस येऊन गेला होता. पहिल्या दिवशी बाबा काटा टांगून विहिरीकडे गेले. मावशीनं गाठोडं अडकवलं, हात लावून पाहिलं आणि हाक मारली, "भाऊ, आज खरंच ओला हाये. कापा थोडं."

"राहू दे," बाबा तिकडूनच म्हणाले.

मी पटकन बांधापलीकडे पाहिलं. काकांनी हे ऐकलं असेल का?