धोंडाईचा राग

तळेगाव दाभाड्याजवळच्या एका गावात तळ्याच्या काठी एक काळा उभा दगड आहे. जाणारा-येणारा त्याला खडा मारूनच पुढे जातो. ती धोंडाई. तिनं सावत्र लेकीला भरल्या तळ्यावर पाण्याला धाडलं, पोर बुडाली, आणि शाप लागून धोंडाईचा तिथंच दगड झाला, असं गावची माणसं सांगतात.

रुपाली लग्न होऊन तळेगावात आली तेव्हा नवऱ्यानं, रविराजनं, तिला ही गोष्ट हसत हसत सांगितली होती. तिला हसू आलं नाही. रविराजची पहिली बायको आजारपणात गेलेली, आणि लेक सायली तेव्हा नऊ वर्षांची होती.

रुपाली लातूरकडची. इथं ती एका शाळेत ग्रंथपाल म्हणून लागली. रविराज चाकणला कंपनीत शिफ्टला जायचा, त्यामुळे घरात बहुतेक वेळ या दोघीच. सायली तिला मावशी म्हणायची. पाच वर्षांत रुपालीनं तिच्यावर एकदाही आवाज चढवला नाही. गणितात नापास झाली तेव्हाही नाही. शेजारणी कौतुक करायच्या, आणि त्या कौतुकाचीच तिला धास्ती वाटायची.

शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलींना हल्ली दुष्टांच्या बाजूनं सांगितलेल्या कादंबऱ्यांचं वेड लागलं होतं. चेटकिणी, राक्षसिणी, कपटी राण्या; प्रत्येकीचं लहानपण, प्रत्येकीचं दुखणं. पण पुस्तकं सगळी इंग्रजी. आपल्याकडचं असं काही नाही का, असं मुली विचारायला लागल्या, तेव्हा रुपालीनं धोंडाई लिहायला घेतली. तिची धोंडाई मायेचा झरा होती. घागर पोरीनंच हट्टानं उचलली होती. धोंडाई बिचारी नको नको म्हणत होती.

पहिली वाचक सायलीच. वाचून झाल्यावर एका संध्याकाळी ती मेथी निवडता निवडता म्हणाली, की गोष्ट छान आहे, पण धोंडाई काही खरी वाटत नाही.

"का गं?"

"चिडतच नाही ती." सायलीनं मान वर केली नाही. "तू पण नाही चिडत. पाहुण्यांच्या मुलीशी वागावं तशी वागतेस माझ्याशी."

रुपालीनं हातातली जुडी खाली ठेवली. "भीती वाटते गं मला," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील याची. त्याहून जास्त, तू काय म्हणशील याची."

"मी काय, रुसेन," सायली म्हणाली आणि पुढची जुडी ओढली.

रुपालीनं शेवट नव्यानं लिहिला. आता धोंडाईच्या अंगात ताप होता, चूल विझलेली होती, पोर उलटून बोलली होती, आणि संतापात धोंडाईच्या तोंडून निघायला नको ते निघालं, तशी पोर घागर उचलून तळ्याकडे गेली. मग धोंडाई तशीच तापात तिच्यामागे धावली. पोचली तेव्हा घागर तेवढी पाण्यावर तरंगत होती. पुण्याच्या प्रकाशक ऋता यांनी ते बोलणं जरा सौम्य करायला सुचवलं. मुलांच्या पुस्तकात आई असं बोलते का, असं त्यांचं म्हणणं. रुपाली आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला ठाम नाही म्हणाली. पुस्तक आलं तसंच आलं, आणि शाळेत त्याच्या प्रती हातोहात फिरू लागल्या.

त्याच हिवाळ्यात सायली मैत्रिणीच्या स्कूटरवर, विना हेल्मेट, हायवेनं जाऊन आली. सोसायटीच्या फाटकातच रुपालीनं तिला गाठलं आणि चारचौघांत अशी काही झापली की वरच्या गॅलरीतून बायका डोकावल्या. तरी रुपाली बोलायची थांबली नाही. सायली पाय आपटत घरात गेली आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं.

जरा वेळानं रुपाली चहा घेऊन दाराशी गेली. आत सायली मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. आवाज रडवेला होता, पण त्यात थोडी फुशारकीही होती, इतर मुली आईचा ओरडा सांगतात तशी.

"तुला काय सांगू," ती म्हणत होती, "आमच्या घरी आज जाम ओरडा बसला."