काकूंची मऊ काडतुसं

कर्णिक काकांना मी पहिल्यांदा बघितलं, तेव्हा ते आपलं तासाभराचं काम डब्यात परत ओतत होते. कारण मी होते. ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी उपनगरातल्या त्यांच्या घरामागची खोली मी भाड्याने घेतली होती. पहिल्याच रविवारी काकूंनी मला त्यांना चहाला बोलवायला पाठवलं. गराजचं दार ढकलून मी “काका, चहा” एवढंच म्हणाले. त्यांनी एक बोट वर केलं. समोरच्या लाकडी पाटाला पन्नास भोकं होती आणि प्रत्येक भोकात एक पितळी काडतूस दारू भरून उभं होतं. काकांनी ते एकेक उचलून डब्यात रिकामं केलं. सर्र, सर्र, असा बारीक आवाज येत राहिला. मी ओशाळून उभीच.

“तुझ्यावर रागावलो नाही हं,” ते म्हणाले. “मधे कोणी बोललं की सगळं ओतायचं आणि पहिल्यापासून भरायचं. दारूपाशी आठवणीवर विसंबायचं नाही.”

काकांची नोकरी पुण्याजवळच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात, तपासणी विभागात झाली. निवृत्तीनंतर मुलाच्या, निखिलच्या मागे ते ख्राइस्टचर्चला आले. निखिल पुढे ऑकलंडला गेला आणि हे दोघं इथेच राहिले. काकांना नेमबाजीचा शौक असेल असं मला वाटलं होतं, पण त्यांनी गंमत म्हणून कधी एक गोळीसुद्धा झाडली नव्हती. नेमबाज होत्या त्या सुधाकाकू. कॉलेजात त्यांनी रायफल चालवली होती. इथे करमेना म्हणून त्या पिस्तूल क्लबात जाऊ लागल्या, आणि सत्तरीच्या आसपास त्यांचा नेम तिथल्या निम्म्या गोऱ्यांपेक्षा बरा होता. रेंज सांभाळणारा ब्रूस त्यांचं निशाण पाहून “स्वीट अ‍ॅज, सुधा”, म्हणजे एकदम झकास, असं म्हणायचा, की काकू आठवडाभर खुशीत.

अडचण संधिवाताची होती. जड रिव्हॉल्व्हर त्यांना पेलेना, म्हणून हलकं घेतलं. पण हलकं रिव्हॉल्व्हर हाताला जास्त झटका देतं, त्याच्या अंगात तो जिरवायला वजनच नसतं. दुकानातल्या काडतुसांनी काकूंचं मनगट दोन दिवस ठणकायचं. मग काकांनी परवाना काढला, वह्या-पुस्तकं धुंडाळली आणि बायकोसाठी कमी दारूची, मऊ काडतुसं स्वतः भरायला घेतली. काकू म्हणायच्या, “लग्नात यांनी मला धड साडी निवडली नाही. पण ही काडतुसं बघ, माझ्या हाताच्या मापाची आहेत.”

मीही एका कारखान्यात तपासणीच्या कामावर आहे, त्यामुळे काका मला कामातलं माणूस समजत आणि समजावून सांगत. मऊ काडतुसात धोका वेगळाच असतो. दारू इतकी थोडी लागते की चुकून दुप्पट पडली तरी ती आत मावते, बाहेर सांडून इशारा देत नाही. म्हणून ते शेवटी टॉर्च घेऊन पन्नासही काडतुसांत डोकावत. एखाद्यातली दारू शेजाऱ्यापेक्षा वर दिसली की सगळा पाट परत रिकामा. काकू वैतागायच्या, पण गराजकडे फिरकायच्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात काका बदलायला लागले. डेअरीतून दूध आणायला गेले आणि हात हलवत परत आले. मला दोनदा त्यांनी पुतणीच्या नावाने हाक मारली. काकू हसण्यावारी नेत होत्या आणि मीही त्यांच्यासोबत हसत होते. याची मला लाज वाटते.

एका शुक्रवारी दुपारी निखिलचा फोन आला. काकांशी आत्ताच बोलायचंय, म्हणाला. मी फोन घेऊन गराजमध्ये गेले. पाट भरून तयार होता, फक्त गोळ्या बसवायच्या राहिल्या होत्या. घर विकून ऑकलंडला या, असं मुलगा सांगत होता. काका बराच वेळ नुसतं “बघू” म्हणत राहिले. फोन त्यांनी मला परत दिला. मग ते पाटाकडे वळले आणि पहिल्या काडतुसापासून दारू भरायला लागले.

मी दारात उभी होते. ओतल्याचा आवाज आला नव्हता. मला ते कळलं, नक्की कळलं. पण ज्या माणसाने मला हा नियम शिकवला, त्यालाच मी काय सांगायचं? त्यांना ठाऊक असणार, असं मी स्वतःला बजावलं आणि फोन घेऊन घरात गेले. टॉर्चने त्यांनी नेहमीसारखं पाहिलं असणार. पन्नासांतली एकही दारू शेजाऱ्यापेक्षा वर नव्हती, कारण पन्नासही दुप्पट होती.

शनिवारी रेंजवर काकूंनी पहिलीच गोळी झाडली. एरवी त्यांच्या रिव्हॉल्व्हरचा आवाज मवाळ असायचा, त्या दिवशी कानठळ्या बसल्या. काडतुसं बसवायचा फिरता भाग फुटला होता. काकू उजवा हात पोटाशी धरून खाली बसल्या. अंगठा वाचला, पण मूठ पुन्हा कधी वळली नाही.

काकांनी घरी येऊन उरलेली एकूणएक काडतुसं उघडली. मग क्लबाला आणि पोलिसांना स्वतःच्या हाताने लिहून दिलं की चूक माझी आहे, परवाना परत घ्या. मला त्यांनी तो कागद वाचायला दिला. शेवटची ओळ होती, ‘काम करताना कोणाचाही व्यत्यय आला नव्हता.’ मी नेऊन दिलेला फोन ते विसरले होते की मला वाचवत होते, हे मला आजही माहीत नाही. मी कागद घडी करून त्यांना परत दिला.

त्यानंतर ते झपाट्याने खचले. वर्षअखेर त्यांना वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. अपघात ते साफ विसरले. काकूंचा वाकडा हात मात्र त्यांना दर भेटीत नव्याने दिसायचा, आणि दर वेळी ते घाबरून विचारायचे, “अगं, हाताला काय झालं?”

“दारात सापडला,” काकू दर वेळी सांगायच्या.

शेवटच्या भेटीत त्यांचं समाधान झालं नाही. ते माझ्याकडे वळले. “खरं का गं? तू होतीस ना?”

“हो काका,” मी म्हणाले. “दारात सापडला.”

ते काकूंचा हात कुरवाळत राहिले. “शनिवारपर्यंत बरा होऊ दे. मी अगदी मऊ भरून देतो.”

पुढच्या आठवड्यात ते गेले. गराज आवरताना काकूंनी पन्नास भोकांचा पाट माझ्या हातात ठेवला. “तू तपासणीतली. तुला त्यांची शिस्त कळायची,” म्हणाल्या. तो पाट माझ्या खोलीत आहे. त्या दुपारी मी दारात उभी होते आणि ती सर्र मला ऐकू आली नव्हती, हे काकूंना मी अजून सांगितलेलं नाही.