मिलिंदची तिसरी कॉपी

मिलिंद खोटारडा निघावा, म्हणून मी रविवारी देवापुढे हात जोडले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र. पंचवटीत राहायचा. लग्नांचं शूटिंग करून घर चालवायचा आणि उरलेल्या वेळात डॉक्युमेंटरी करायचा. कुणी सांगितलेलं नसताना, स्वतःच्या कॅमेऱ्यावर, स्वतःच्या हट्टापायी.

आज त्याला जाऊन एक महिना झाला. हार्ट अटॅक.

मी इन्शुरन्स क्लेम तपासतो. समोरचा काहीतरी लपवतोय हे धरूनच चालायचं, ही माझी नोकरी.
खरं सांगायचं तर स्वभावही तोच.

मिलिंदने त्याच्या वडिलांवर फिल्म केली होती. शेवटी शेवटी ते घरच्यांनाही ओळखत नव्हते, ते सगळं त्यात होतं. एका छोट्या हॉलमध्ये तीस-चाळीस लोकांनी ती पाहिली. लोक डोळे पुसत होते.

मी मागच्या खुर्चीत बसून विचार करत होतो, जो माणूस सख्ख्या बापाचा ओला लेंगा दाखवतो, तो उद्या आपलं काय काय दाखवेल?

पुढच्या वर्षी तो आमच्याकडे मखमलाबादला आला. फुलं पिकवणाऱ्या बायकांवर फिल्म करत होता. माझ्या आईचा उभा जन्म झेंडू आणि शेवंतीत गेलेला.

"मावशींशी जरा बोलतो रे," म्हणाला.

मी ऑफिसातून आलो तर दार लोटलेलं. आतून आईचा आवाज येत होता. मध्येच ती हसली. मग पुन्हा बोलायला लागली, अगदी हळू.

आमची आई माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलायची. त्यातली चार जेवणाची.

तो गेल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"
"असंच."
"असंच म्हणजे? दादांचं काही बोललीस का?"

दादा म्हणजे माझे वडील. मी लहान असताना गेले. ते घरात कसे वागायचे, हा विषय आमच्याकडे कुणी काढत नसे.

आईने वर पाहिलं नाही. हार ओवत राहिली.
"कुणी कधी इचारलं नाय. त्यानं इचारलं, मी सांगितलं. तुला काय करायचं हे?"

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरातलं हॉलमध्ये चाळीस लोक बघणार!

दुसऱ्या दिवशी मिलिंद अंगणात ट्रायपॉड लावत होता. मी म्हटलं, "कालचं सगळं डिलीट कर."
"सुन्या, आधी बघ तरी. बघून मग सांग."
"बघायचं नाही मला. उडव."

तो आईकडे वळला. "मावशी, काय करू?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोराला नको तं ऱ्हाऊ दे बाबा. टाक पुसून."

माझ्यासमोर त्याने कार्ड फॉरमॅट केलं. लॅपटॉपवरचंही उडवलं.

"आणि तिसरी कॉपी?" मी विचारलं. कारण त्याचा नियम मला पाठ होता. तीन ठिकाणी नसेल तर ते शूट झालंच नाही, असं तो नेहमी म्हणायचा.
"घरच्या डिस्कवर आहे. गेल्या गेल्या उडवतो. शब्द देतो तुला."

मी मान हलवली. विश्वास काडीचाही ठेवला नाही.

त्यानंतर मी त्याच्या प्रत्येक स्क्रीनिंगला गेलो. पहिल्या रांगेत. लोकांना वाटायचं, काय दोस्ती आहे! मी तिथे बसून आईला शोधत असायचो. दुसऱ्याच कुणाच्या चित्राखाली तिचा आवाज घातलाय का, ते कान देऊन ऐकायचो.

कधीच सापडली नाही. तर मला वाटलं, जपून ठेवलंय लेकाने. योग्य वेळी काढेल.

मग आई गेली.

आधार कार्डावरचा फोटो आहे. भाच्याच्या लग्नातला एक आहे, त्यात ती जेवतेय. आवाज कुठेच नाही.

वर्षभराने पंचवटी कारंजा चौकात चहा पिताना मी लाज सोडून विचारलं, "मिल्या, रागावू नको. ती कॉपी आहे ना?"
"नाही रे. त्याच दिवशी उडवली. पण सुन्या, मला..."
"पण-बिण राहू दे. असेल तर दे."

अर्धा चहा टाकून उठलो. म्हटलं, भाव खातोय.

गेल्या रविवारी मिलिंदच्या घरी गेलो, तर त्याच्या बायकोने, वैशालीवहिनींनी, स्टीलचा डबा समोर ठेवला. आत अकरा हार्ड डिस्क. "भाऊजी, तुम्हीच बघा. मला यातलं काही कळत नाही."

सकाळी पहिली डिस्क लावण्याआधी हात जोडून बसलो. देवा, याने मला फसवलेलं असू दे.

दुपारी 'मखमलाबाद' सापडलं. आत प्रत्येक बाईच्या नावाचं फोल्डर. सगळी भरलेली. कॅमेरा चुकून चालू राहिला आणि नुसते पाय दिसतायत, तेसुद्धा त्याने ठेवलेलं.

शेवटचं फोल्डर आईचं, 'शांतामावशी'.

रिकामं.

वहिनी मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "ते उडवून टाकलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. म्हणाले, मावशींचा शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे. सुन्याने विचारलं की सांगेन."

"तुम्हाला काही सांगितलं?"

"नाही. म्हणायचे, ते सुन्याचं आहे."

मखमलाबाद ते पंचवटी, स्कूटरवर पंधरा मिनिटं. इतकी वर्षं मी कॉपी शोधत राहिलो. आई काय म्हणाली, हे त्याला एकदाही विचारलं नाही.

मिल्या, तू शब्द पाळलास.
मला माफ कर, आणि सुखाने जा.

तिकडे आई भेटली तर तिला सांग, सुन्या आता विचारतोय.