लाइनमनच्या घरावर सौर पॅनेल

सौर पॅनेल बसवायचं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं आणि बाबांना सांगायचंच राहून गेलं. बाबा म्हणजे माझे सासरे. वय ब्याऐंशी. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत त्यांची सगळी नोकरी लाइनमन म्हणून विजेच्या खांबांवर चढण्या-उतरण्यात गेली. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना म्हैसूरला, चामराजपुरममधल्या आमच्या घरी आणलं. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जिना बंद केला, आणि जन्मभर उंचावर राहिलेला हा माणूस खालच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागला. कन्नड येत नव्हतं. दाराशी कुणी आलं की हात जोडायचे आणि मला हाक मारायचे.

संक्रांत झाल्यावर एके सकाळी टेम्पो दारात थांबला आणि खोक्यांमागून खोकी उतरायला लागली.

"हे काय आलं गं?" बाबांनी विचारलं.

"पॅनेल, बाबा. गच्चीवर बसवणार. उन्हावर वीज तयार होणार."

"वीज? आपल्या घरात तयार होणार? आणि मला कुणी बोललं न्हाई?"

ते रुसले. चहा घेतला नाही. माझा नवरा नंजनगूडच्या कारखान्यात आहे, त्या दिवशी त्यानं रजा काढली होती. तो कप घेऊन तीनदा जाऊन आला. चौथ्यांदा बाबा म्हणाले, "चहा राहू दे. अर्थिंग किती खोल घेणार ते सांग."

रुसवा तिथंच संपला. त्यानंतर प्रश्नच प्रश्न. वायर किती जाडीची, पडणाऱ्या विजेचा रोधक कुठं, इन्व्हर्टर पावसात भिजणार तर नाही. आम्हा दोघांना एकाचंही उत्तर येईना. ते खूश होत गेले. आणि मग खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "टाकीची सावली धरलीय का हिशेबात?"

पॅनेलची जागा एका तरुण इंजिनियर मुलीनं गणपतीच्या सुमारास येऊन आखून दिली होती. तिनं मोबाइलवर गच्चीचं चित्र काढून सावल्या कुठं पडतील ते दाखवलं होतं. मी बाबांना तसं सांगितलं.

"गणपतीत आली होती ना? आणि टाकी उंच कधी केली आपण?"

दिवाळीत. नळाला जोर नव्हता म्हणून गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली काळी टाकी आम्ही चार फूट उंच कट्ट्यावर चढवली होती, आणि ते त्या मुलीला कळवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"दुपारी तीनला टाकीची सावली समोर अक्कांच्या भिंतीवर चढते," बाबा म्हणाले. "रोज बघतो मी. भिंतीपर्यंत पोचते म्हणजे वाटेत गच्चीवरून जात असंलच की."

अक्का म्हणजे शेजारच्या बाई. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. त्यांचं मराठी ऐकायला मला फार आवडतं. वाक्य मराठीत निघतं आणि कन्नडमध्ये पोचतं.

ठरलं असं की दुसऱ्या दिवशी रविवार होता, तर दर तासाला सावली कुठं आहे ते गच्चीवर खडूनं आखायचं. हुकूम बाबांचा, पाय माझे. नऊला वर गेले, रेघ मारली. दहाला वर, रेघ. अकराला मी जिन्यात असतानाच खालून आवाज आला, "अकरा वाजून दोन मिनिटं झाली!" दुपारपर्यंत माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि तरी मला हसू आवरत नव्हतं. नवरा सावलीच्या टोकाशी वाकून "इथं, इथं, अगं सरकतेय!" असं ओरडत होता, जणू घोरपड पळून चाललीय. ते बघून अक्का त्यांच्या गच्चीवर आल्या.

"काय चाललंय तुमचं? नवरा-बायको उन्हात खडू घेऊन?"

"सावली धरतोय, अक्का!"

"अय्यो! सापडली की मला पण दाखवा, आ?" म्हणाल्या आणि रांगोळीचा डबा घेऊन स्वतःच आमच्याकडे आल्या. खडूच्या रेघा त्यांना पसंत पडल्या नाहीत. एकची सावली त्यांनी रांगोळीनं काढली आणि तिला ठिपके दिले.

तीनची सावली पॅनेलच्या आखलेल्या जागेवर चढली. दोन पॅनेलं पूर्ण आणि तिसऱ्याचा कोपरा. आम्ही तिघं मोठी माणसं त्या सावलीभोवती अक्षरशः नाचलो. मी कठड्यावरून वाकून ओरडले, "बाबा, तुमचं बरोबर!"

खालून आवाज आला, "ठाऊक हाय मला. तू चारची घ्यायला विसरू नको."

सोमवारी इंजिनियर मुलगी चार कामगारांना घेऊन आली. पिरियापट्टणची, तिशीची, केसांची घट्ट वेणी, पायात जाडजूड बूट. गच्चीवरच्या रेघा आणि ठिपके बघून ती थबकली. "यारु माडिद्दु इदु?" कुणी केलं हे? मी खाली बोट दाखवलं. ती तशीच तडातडा खाली गेली आणि बाबांच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली.

"अज्जा, नीवु इंजिनियरा?"

एवढं बाबांना समजलं. "इंजिनियर न्हाई. लाइनमन."

"लाइनमन!" ती माझ्याकडे वळून कन्नडमध्ये भरभर बोलायला लागली. तिचे वडील तंबाखूची शेती करतात. पावसाळ्यात त्यांच्या गावचे दिवे गेले की दोन-दोन दिवस यायचे नाहीत, आणि लाइनमन दिसला की सगळी मुलं त्याच्यामागून खांबापर्यंत पळायची. तीही पळायची. मी ते मराठीत सांगितलं, तेव्हा बाबा लाजले. मी त्यांना लाजताना पहिल्यांदाच बघितलं.

"अज्जांना वर आणा," ती म्हणाली. "आता नवी जागा त्यांनीच दाखवायची."

"डॉक्टरांनी जिना नको म्हटलंय," नवरा म्हणाला.

"मग ते कुठं चढणार आहेत? आम्ही चढणार."

दोन कामगारांनी बाबांची लाकडी खुर्ची बाबांसकट उचलली आणि बाहेरच्या जिन्याला लागले. एक पुढं, एक मागं, आणि नवरा बाजूनं हात पसरून, चेहरा पांढराफटक. "निधान, निधान," पुढचा कामगार म्हणत होता, म्हणजे सावकाश. बाबा वरून "आस्ते, आस्ते" म्हणत होते. अक्का आपल्या दारातून ओरडल्या, "अरे, दसरा आला का परत? अंबारी निघाली की!" त्यावर मागचा कामगार असा हसला की खुर्ची डुलायला लागली, आणि बाबांनी खरंच राजासारखा हात वर करून अक्कांना नमस्कार केला.

दोन वर्षांनी ते गच्चीवर आले. आमच्या गच्चीवरून चामुंडीची टेकडी दिसते, आलेला प्रत्येक पाहुणा आधी तिच्याकडे बघतो. बाबांनी रस्त्यावरच्या खांबाकडे बघितलं. डोळ्यांवर हात धरून एक तार, दुसरी तार, असं करत पार कोपऱ्यापर्यंत बघून घेतलं. मग समाधानानं म्हणाले, "काम चांगलं हाय इथल्या लोकांचं."

दिवसभर ते वरच होते. कामगारांनी दोर लावून एकेक पॅनेल वर ओढलं, आणि प्रत्येक पॅनेल कठड्याशी आलं की बाबा खुर्चीतून अर्धे उठायचे. नवी जागा सावलीच्या वाटेतून पाच-सहा हात बाजूला सरकवली. तिथं तीनला सावली येत नव्हती. चारला आली तरी ती पॅनेलांच्या कडेपाशीच थांबत होती. संध्याकाळपर्यंत कामगार "आस्ते" म्हणायला लागले होते आणि बाबा "निधान". "बेडा" म्हणजे नको आणि "सरी" म्हणजे बरं, हेही त्यांना आलं. मी वीस वर्षांपूर्वी इथं आले तेव्हा एवढं कन्नड शिकायला मला सहा महिने लागले होते.

मीटर बदलायला वीज कंपनीचा माणूस यायलाही आठ-दहा दिवस गेले. हा नवा मीटर दोन्हीकडचं मोजतो. आपण घेतलेली वीजही आणि आपण दिलेलीही. तो माणूस स्क्रू पिळत असताना बाबा काठी टेकून त्याच्या मागं उभे होते आणि दोघंही एकमेकांना कळेल अशी भाषा नसताना पाऊण तास बोलत होते.

मग कामगारांना घेऊन परत आलेल्या इंजिनियर मुलीनं जिन्याखालच्या भिंतीवरच्या इन्व्हर्टरचा खटका दाबला. छोट्या पडद्यावर आकडा आला, तीनशे.

"पाच मिनिटं थांबायचं," ती म्हणाली. "तो आधी बाहेरची लाइन तपासतो. मग जोडला जातो."

पाच मिनिटं म्हणजे किती असतात हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही सगळे त्या पडद्यासमोर गर्दी करून उभे. शेवटचे दहा आकडे कुणीतरी मोठ्यानं मोजायला लागलं आणि निम्मे कन्नडमध्ये, निम्मे मराठीत, सगळेच ओरडायला लागलो. शून्य. टक्‌ असा आवाज. हिरवा दिवा. आणि आकडे चढायला लागले, शंभर वॅट, चारशे, नऊशे, दोन हजार.

त्यानंतर आमची डोकी फिरली असंच म्हणायला हवं. नवऱ्यानं भर दुपारी सगळ्या खोल्यांतले दिवे लावले आणि कपाटातले घडी घातलेले शर्ट काढून पुन्हा इस्त्री करायला घेतले. मी धुतलेल्या चादरी परत मशीनमध्ये टाकल्या. अक्का गेल्या आणि भिजवलेले तांदूळ, उडदाची डाळ आणि त्यांचा तो जड दगडी ग्राइंडर घेऊन आल्या. ग्राइंडर अर्थात कामगारांनी उचलला होता.

"आज इडलीचं पीठ तुमच्या सूर्यावर," त्या म्हणाल्या. "बघू तरी, मऊ होते का!"

ग्राइंडर घरघरायला लागला. अक्कांनी त्याच्या तालावर मान हलवली. आणि त्याच क्षणी सगळं बंद पडलं. दिवे, पंखे, मशीन, ग्राइंडर, सगळं. इन्व्हर्टरवर लाल दिवा.

"सबंध गल्लीतलीच गेलीय," नवरा बाहेर डोकावून म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "पण आपली का जावी?"

"वर सूर्य आहे की अजून," अक्का म्हणाल्या. "हा का झोपला?"

माझा तर चेहराच पडला. बाहेर लख्ख ऊन, छपरावर एवढी पॅनेलं, आणि माझ्या चादरी साबणाच्या पाण्यात. इंजिनियर मुलगी काही सांगायला तोंड उघडत होती, तेवढ्यात बाबांना हसू फुटलं. साधं हसू नव्हे. काठी हातातून पडली, चष्मा काढावा लागला, डोळ्यांतून पाणी.

"बंद झालं!" ते म्हणाले. "आपोआप बंद झालं! अरे, किती शहाणं यंत्र हाय हे!"

"लाइन बंद म्हणजे कुठंतरी माणूस खांबावर चढणार," बाबा म्हणाले. "तार मेलीय असं धरून चढणार. अशा वेळी तुमच्या घरातली वीज उलटी तारेत गेली तर?" त्यांनी डावा पंजा उघडून धरला. मधोमध फिकट, गुळगुळीत चट्टा. भाजल्याचा आहे एवढंच आम्हाला माहीत होतं. मला वाटायचं, स्वयंपाकघरात कधीतरी भाजलं असेल. "एका गिरणीवाल्यानं जनरेटर लावला होता. खटका बदलला न्हाई. मी वर. कमरेच्या पट्ट्याला लटकत राहिलो, म्हणून आज तुमच्यापुढं बोलतोय. आईला तुझ्या सांगितलं, चुलीत भाजलं."

शेवटचं वाक्य माझ्या नवऱ्याला होतं. त्यानं बाबांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली आणि तसाच त्यांचा हात धरून उभा राहिला.

मी ते सगळं त्या मुलीला कन्नडमध्ये सांगितलं. ती मान हलवत म्हणाली, "म्हणूनच ते तसं बनवलंय. अज्जांसाठीच."

हे मी मराठीत सांगितल्यावर बाबा म्हणाले, "चल, बघू कोण चढलाय." आणि काठी टेकत फाटकाकडे निघाले. आम्ही सगळे मागोमाग. कोपऱ्यावरच्या खांबावर खरंच एक जण होता, डोक्यावर पिवळी टोपी. बाबांनी हात उंचावून हाक दिली, "निधान रे, निधान!" वरचा माणूस चमकला. खाली फाटकात एक म्हातारा, तीन बायका, एक इस्त्रीचा शर्ट हातात घेतलेला पुरुष आणि हेल्मेट घातलेले चार कामगार आपल्याकडे बघून हसताहेत, हे त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. त्यानं एक हात सोडून सलाम केला. "दोन्ही हातांनी धर!" बाबा मराठीत ओरडले.

वीज तासाभरात आली. पुन्हा तीनशे, पुन्हा पाच मिनिटं, आणि चादरींची सुटका झाली. अक्कांनी दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या इडल्या नेहमीसारख्याच होत्या, पण आम्ही त्या सूर्याच्या म्हणूनच खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यात बाबांना तपासायला नेलं, तेव्हा मी डॉक्टरांसमोर कबुली दिली की आम्ही त्यांना खुर्चीतून गच्चीवर नेलं होतं.

"खुर्चीतून? का?"

"तुम्ही जिना नको म्हणाला होता ना."

डॉक्टरांनी जुना कागद काढला, वाचला आणि माझ्यापुढं सरकवला. जिना टाळणे, पहिले तीन महिने. मी तो कागद दोनदा वाचला. दोन वर्षं! शरमेनं माझी मान खाली गेली. बाबांनी कागद ओढून घेतला, लांब धरून वाचला आणि म्हणाले, "सूनबाई, तू मला फुकट बसवलंस की गं!" आणि पुन्हा तेच हसू, चष्मा काढायला लावणारं. डॉक्टरही हसायला लागले, मग मीही.

घरी आल्यावर ते थेट जिन्याशी गेले. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातात काठी, आणि मागं मी. अठरा पायऱ्यांना त्यांनी बारा मिनिटं घेतली. दर तीन पायऱ्यांनी थांबायचे आणि "सरी" म्हणायचे. वर पोचल्यावर पॅनेलं धुवायला नळी मागितली. पाण्याचा पहिला फवारा त्यांनी चुकून माझ्यावर उडवला आणि दुसरा मुद्दाम. जेवायला खाली या म्हटलं तर "बेडा" म्हणाले. म्हणून मी पानं वरच वाढली, टाकीच्या सावलीत.