सुमनचा पहारा

देवाचं आणि माझं भांडण कधीच नव्हतं. भांडायलासुद्धा थोडी ओळख लागते, आमची तेवढीही नव्हती. गावात स्वतःला नास्तिक म्हणवणारे दोघं-तिघं आहेत, त्यांच्याकडं देवाविरुद्ध बोलायला निदान काहीतरी असतं. माझ्याकडं तेही नव्हतं. देवळावरून टेम्पो नेताना मी हॉर्न वाजवायचो, पण तो वळणावर बसलेल्या शेळ्यांसाठी. घरात माझी बायको सुमन रोज पहाटे पूजा करायची आणि खडीसाखर माझ्या हातावर ठेवायची. मी ती चहात टाकायचो. तिला त्याचा राग यायचा नाही. "ऱ्हाऊ द्या, कुठून का हुईना, पोटात जातीय," म्हणायची.

गावात माझं बोलणं निम्मं कमी करून ऐकायची पद्धत आहे. टेम्पोसमोर बिबट्या आला असं मी म्हणालो, की लोक मांजर धरून चालतात. भंडारदऱ्याला भाडं घेऊन गेलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की काचेवरचं धुकं फडक्यात गोळा करून पिळलं आणि रेडिएटर भरला, ही हकीकत मी इतक्यांदा सांगितली आहे की आता ते फडकं मलाही दिसतं. पण खाली जे लिहितो आहे त्यात मी काही पिळलेलं नाही. एखाद्या ठिकाणी ऊन जरा जास्त तापलेलं वाटलं, तर तेवढं सोडून द्या.

आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनामाचा सप्ताह बसतो. सात दिवस मंडपात वीणा वाजती राहते. ती जमिनीला टेकवायची नाही, खुंटीला अडकवायची नाही, तिची तार गप्प होऊ द्यायची नाही. एकाच्या गळ्यातली दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि ज्याच्या गळ्यात वीणा आली त्यानं ती पुढच्याकडं जाईपर्यंत उभं राहायचं. तोंडातून नावाशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही. याला पहारा म्हणतात. समोर माईक असतो आणि देवळाच्या शिखराजवळ भोंगा बांधलेला असतो, त्यामुळं गावात कोण उभं आहे हे घरबसल्या, अगदी शिवारातही, आवाजावरून कळतं. सुमनचा पहारा दुपारच्या जेवणानंतरचा. तो कुणालाच नको असतो. पंगतीत आमटी-भाकरी आणि वर बुंदी हाणून सगळं गाव आडवं झालेलं असतं, आणि मंडपाचा पत्रा असा तापतो, की फोटोतल्या देवानंही पितांबर सैल करावा. लग्न होऊन आली त्या वर्षीच सुमननं हा पहारा मागून घेतला आणि कधी चुकवला नाही. ती उभी असायची तेव्हा मी घरी घोरत असायचो.

यंदा सप्त्याच्या थोडं आधी तिला पाण्याचा हंडा आणताना दम लागायला लागला. मग दोन घास खाल्ले तरी लागायला लागला. नगरला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब आहे, बदलावी लागेल. मी गावभर सांगत सुटलो, की नगरचा हा डॉक्टर झडप काय, अख्खं इंजिन खाली उतरवून चहा गार व्हायच्या आत परत बसवतो. बोलणं असं चालू होतं, आणि रात्री सुमनचा श्वास चालू आहे ना हे बघायला मी तिच्या नाकाशी हात धरायचो. ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी सप्त्यातली.

त्या दिवशी सकाळी तिला हिरवा झगा चढवला. मी कॉटशेजारी उभा, पलीकडं तिचा धाकटा भाऊ अशोक. मला म्हणाली, "आज पहाऱ्याला तुमी जायचं."

"कुठल्या पहाऱ्याला?"

"माझ्या. दुपारच्या."

"तुझं डोकं ठिकाणावर हाय का? तुला आत घेणार, आन मी गावाला जाऊन तुणतुणं वाजवू?"

"तुणतुणं न्हाई, वीणा. आन हितं थांबून तुमी काय करनार? भुलीच्या डॉक्टरला बिबट्याची गोष्ट सांगनार. तो हसत बसला तर मला भूल कोन देनार?"

अशोक तोंड फिरवून हसला. मी म्हणालो, मला देवाचं काही येत नाही. "यायला काय लागतंय त्यात? उभं ऱ्हायचं," ती म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, "अहो, आत नेल्यावर माझं मन तिकडंच जानार. तिथं तुमी उभे असलात तर मी निवांत." तिचा हात गार होता. मी वाद घालणारच होतो, पण तेवढ्यात स्ट्रेचर आलं, आणि स्ट्रेचरवरच्या माणसाशी वाद घालता येत नाही. अशोक म्हणाला, "जावा दाजी, काय असंल ते मी फोन करतो." नगर सोडलं तेव्हा मला तिचा राग आला होता. बाहेर बसून वाट बघायचा माझा हक्क तिनं काढून घेतला होता, तोही अशा देवासाठी ज्याच्याशी माझं काही घेणं-देणं नव्हतं.

मंडपात पोचलो तेव्हा आधीचे वीणेकरी पेंगत उभे होते. मला बघून ते खडबडून जागे झाले. त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली, पाया पडले, आणि जे घराकडं निघाले ते मागं वळूनही बघेनात, न जाणो मी परत द्यायचो. खांबाला टेकून दोन म्हातारे टाळकरी टाळ मांडीवर ठेवून झोपले होते. एकाचे गुडघे गेलेले, दुसऱ्याचे कान. भोंग्याच्या यंत्रापाशी शफीकभाई होते. आमच्या गावात मंडप आणि स्पीकर दरवर्षी त्यांचाच. मी घसा साफ केला आणि माझ्या पद्धतीनं सुरू झालो, "रामकृष्ण हरी". शफीकभाई दचकून उठले, जवळ येऊन कानात म्हणाले, "शेठ, कांदे इकायचे न्हाईत. हळू घ्या, भोंगा फाटंल." मी आवाज खाली आणला. थोड्या वेळानं माझं बरं चाललं आहे असं बघून तेही जेवायला घरी गेले.

सुरुवातीला मी नाव घेत होतो ते भाडं पोचवल्यासारखं. एक इकडून उचलायचं, तिकडं टाकायचं. मन नगरला. आता तिला भूल दिली असेल, आता छाती उघडली असेल. माझा पहारा संपला की टेम्पो असा हाणायचा की राहुरी कधी गेली ते राहुरीलाही कळू नये, असा माझा बेत होता. पुढचा पहारा भाऊसाहेबाचा, आमच्या गल्लीतलाच पोरगेला गडी, शेजारचा. मी मंडपाच्या दारावर डोळे लावून बसलो, म्हणजे उभा राहिलो. भाऊसाहेब येईना. उन्हाची तिरीप माझ्या पायापासून सरकत फोटोपर्यंत गेली तरी येईना. तारेनं बोट कापायला लागलं. पाय असे जड झाले, की कुणी खाली काँक्रीट ओतून गेलं असावं.

आणि तेव्हा खिशातला फोन थरथरला. एकदा, दोनदा, आणि बंद झाला. माझे दोन्ही हात वीणेत. अशोकचाच असणार. मग त्यानं बंद का केला? माणूस फोन लावून मधेच का तोडतो, याची जेवढी कारणं असतात तेवढी सगळी एका क्षणात माझ्यासमोर उभी राहिली, आणि त्यातलं एकही चांगलं नव्हतं. शेजारच्या खांबाला एक मोठा खिळा होता. वीणा त्याला अडकवायची आणि निघायचं, इतकं सोपं होतं. बघायला कोणी नव्हतं. देव बघतो वगैरे भीती मला नव्हती, हे आधीच सांगितलं आहे. पण इतकी वर्षं सुमननं ती तार एकदाही गप्प होऊ दिली नव्हती. तिची छाती उघडी टाकलेली असताना, तिच्या जागेवर उभं राहून ती तार मी बंद करायची? माझा हात थांबेना. तार वाजवायचा थांबेना, असं म्हणतो मी.

त्यानंतरचं सांगणं अवघड आहे. आयुष्यात कुठल्याही संकटातून मी बोलून सुटलो आहे. पोलीस असो, गिऱ्हाईक असो, सासरे असोत, काहीतरी रचून सांगायचं आणि बाहेर पडायचं. त्या दुपारी मला रचताच येईना. तोंडात एकच नाव, आणि त्यात भर घालायला कुठं जागाच नव्हती. नवस बोलावा तर शब्द काढायची मुभा नाही. मनात मागावं तर काय मागतात, कसं मागतात, हे माहीत नाही. मी सुमनला धरून ठेवू शकत नव्हतो, डॉक्टरचा हात धरू शकत नव्हतो, साधा फोन उचलू शकत नव्हतो. मग कधीतरी मी मनातल्या मनात म्हणालो, ती तुझी, तू बघ. कुणाला म्हणालो ते विचारू नका. तेवढं म्हटलं आणि आवाज फुटला. पुढचं "हरी" निघालं ते रडण्यातूनच निघालं, आणि भोंग्यातून सगळ्या शिवारात गेलं.

पहिले धावत आले ते शफीकभाई. त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं. माईकची वायर हलवून बघितली आणि मग माझ्या तोंडाकडं बघितलं. मागच्या बाजूला बायका संध्याकाळच्या पंगतीची भाजी चिरत होत्या, तिकडं जाऊन काहीतरी सांगून आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. हौसाकाकू ओले हात पदराला पुसत आल्या. झोपलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीवरचे टाळ उचलले आणि माझ्या मागून नाव धरलं. मग दुसरी आली, तिसरी आली. भोंगा ऐकून घराघरांतून माणसं उठून येऊ लागली. डोळे चोळत, टोप्या नीट करत. माझा आवाज जिथं तुटायचा तिथून ते पुढं उचलायचे. मला कुणी काही विचारलं नाही. माझं बोलणं निम्मं धरणारं ते गाव, पण त्या दिवशी मी न बोललेलंही त्यांनी पुरं धरलं.

असं किती वेळ चाललं माहीत नाही. फोन पुन्हा थरथरला. या वेळी शफीकभाईंनी माझ्या खिशात हात घालून तो काढला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावून तोंडापुढं धरला. समोर माईक आहे हे त्या गडबडीत त्यांच्याही लक्षात राहिलं नाही, आणि अशोकचा आवाज भोंग्यातून गावावर गेला. "दाजी, ताईला बाहेर आनलं. मधी रगात थांबत नव्हतं, म्हनून मगाशी फोन लावला, पन म्हनलं तुमी गाडी कशीबी हानत याल, म्हनून कट केला. आता थांबलंय. झडप बसली, ठोका नीट हाय. दाजी, ऐकताय ना?"

मी म्हणालो, "रामकृष्ण हरी."

"दाजी? तुमी बरे हाय ना?"

"रामकृष्ण हरी."

अशोक तिकडंच कुणाला तरी हळूच म्हणाला, "दाजींच्या डोक्यावर परिनाम झाला वाटतं," आणि तेही सगळ्या गावानं ऐकलं. मंडप हसला. हौसाकाकू टाळ वाजवता वाजवता रडत होत्या आणि हसतही होत्या.

या हसण्यात भाऊसाहेब बनियनवरच धावत आला. हातपाय धुतले, आणि वीणा गळ्यात घेण्याआधी घाईघाईनं पुटपुटला, "माफ करा दादा. माझं असं हाय, भोंग्यात वहिनीचा आवाज आला की मी उठतो, च्या पितो, आन मग येतो. आज वहिनीचा आवाजच आला न्हाई. मला वाटलं, आदीचाच पहारा चालू हाय. दवाखान्याचं झोपंत कुठं ध्यानात ऱ्हातंय?" वीणा त्याच्या गळ्यात गेली, आम्ही एकमेकांच्या पाया पडलो. तो वेळेवर आला असता, तर अशोकचा फोन येऊन तुटला तेव्हा मी रस्त्यावर स्टिअरिंगमागं असतो. त्या अवस्थेत मी कुठं पोचलो असतो याचा मी विचार करत नाही. याला कुणी योगायोग म्हणेल, कुणी कृपा म्हणेल. मी भाऊसाहेबाच्या झोपेचे आभार मानतो, आणि ती झोप ज्यानं दिली त्याचेही.

दुसऱ्या दिवशी सुमनला भेटू दिलं. नळ्यांच्या जंजाळात ती चिमुकली दिसत होती. ओठ हलले, "किती वेळ उभे व्हता?" मी म्हणालो, "माहीत न्हाई." तिनं माझं कापलेलं बोट धरलं आणि डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून मी फार बदललो असं लिहिलं तर ती वाचून हसेल. अजूनही कीर्तनात मला पेंग येते. पण शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं, साधूसंतांचं काम, असं जे वाटायचं ते आता वाटत नाही. मला वाटतं, हात गुंतलेले असताना आपण जागा सोडत नाही आणि बाकीचं दुसऱ्या कुणाच्या तरी हाती राहू देतो, ते तेच असावं. डॉक्टरांच्या, अशोकच्या, शफीकभाईंच्या, हौसाकाकूंच्या, आणि त्यांच्या मागं आणखी कुणाच्या हाती त्या दुपारी माझी सुमन होती. त्या सगळ्यांना माझा नमस्कार. सुमन आतून हाक मारते आहे. तिचा आवाज आला की उठायचं असतं, हे भाऊसाहेबाइतकं आता मलाही कळलं आहे. तर उठतो.