मामांनी आखलेली चुन्याची रेघ

काळजी करण्यात माझ्या मामांचा हात धरणारा माणूस सबंध तापीखोऱ्यात जन्मला नसेल. एसटीत चढताना ते आधी कंडक्टरला विचारतात, "शहादाले जाई ना?" मग ड्रायव्हरला तेच विचारतात, आणि दोघांचं एकमत झाल्यावरच टेकतात. कुणाच्याही लग्नात अक्षता पडेपर्यंत त्यांना नवरदेव पळून जाईल अशी धास्ती असते. मामी सांगते, स्वतःच्या लग्नातही होती.

अशा माणसाने या वर्षी ट्रॉलीच्या वाटेवरून पदयात्रा काढायचं ठरवलं. म्हसावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्यापासून सपाटीवरच्या लाकडाच्या वखारीपर्यंत एके काळी अरुंद रूळ होते. सागाचे ओंडके लादलेली ट्रॉली त्यावरून माणसं हातांनी लोटत खाली न्यायची आणि रिकामी पुन्हा डोंगराकडे चढवायची. जंगल गेलं, रूळ भंगारात गेले. साहेबांची नावं कागदावर राहिली, लोटणाऱ्यांची कुठेच नाहीत. त्या लोटणाऱ्यांत मामांचे वडील होते. मामांनी मोजणी खात्यात जन्म घालवला, तालुक्यातल्या साऱ्यांचे बांध नोंदवले, पण बापाचं नाव त्यांना एकाही दप्तरात सापडलं नाही. निदान शंभर माणसांनी तरी ते नाव ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"भाचा, कोणी उनंच नही तं?" कोणी आलंच नाही तर, हा प्रश्न महिनाभर दिवसातून दहा वेळा. वाट चुकेल या भीतीने त्यांनी मोजणीची जुनी साखळी काढली आणि सगळ्या वाटेवर, शेतांच्या कडेकडेने, चुन्याची सरळ रेघ मारली. मीही कमी नव्हतो. गावोगाव पत्रकं चिकटवली: 'या रस्त्यावर पहिला हक्क घाम गाळणाऱ्यांचा!'

पदयात्रेच्या सकाळी दोनशे माणसं हजर. मामांचे डोळे भरून आले. पण लोकांच्या हातात फुलं नव्हती, सातबारे होते.

"नाना, मोजणी करी टाकी ना गुपचूप?" एक शेतकरी मामांवर गरजला. "आमना वावरमाईन रस्ता काढी ऱ्हायनात का? एक फूट भी देवाव नहीत!"

निवृत्त मोजणीदार, चुन्याची रेघ आणि वर माझं पत्रक! लोकांचं काय चुकलं? मामा म्हणाले, "भाऊ, सरकारनं काहीच नही. आठेन मन्हा बाप ट्रॉली लोटे. त्यानी वाट शे ही."

मग एक म्हातारी पुढे आली. "मन्हा सासराबी लोटे ना! मरस्तोवर हातना घट्टा गयात नहीत. मंग आते चाला ना, उभा कसाले?"

शिव्या द्यायला आलेले चालू लागले. तरी मामा दर फर्लांगाला मागे वळून माणसं मोजत होते.

वखारीच्या जागी आता मोकळं मैदान आहे. तिथे मामांना बोलायला उभं केलं. लिहून आणलेली चार पानं त्यांनी खिशातच ठेवली आणि वडिलांचं नाव मोठ्याने घेतलं. म्हातारीने सासऱ्याचं घेतलं. मग आणखी तीन-चार जणांनी आपापल्या आजोबांची. एक पोरगी म्हणाली, "आजोबा, पन लोटेत कशा?"

मामांनी डोंगराकडे तोंड केलं, तळवे छातीपुढे धरले, कंबरेत वाकले आणि हवेला रेटत हळूहळू निघाले.

"जड शे का हो, नाना?" म्हातारीने विचारलं.

"माल उतरी गया, माय," मामा धापा टाकत म्हणाले. "रिकामीच शे. पन घरपावत चढ शे."